उघाडी

रेंज येते ती फक्त खळ्याच्या कडेला,
रामफळाखाली, जिथे पूर्वी म्हैस बांधायचे.
तिथेच माझं टेबल, प्लास्टिकची खुर्ची,
आणि पडद्यावर नावाशेजारी एक हिरवा ठिपका
जो पाच मिनिटं मी हलले नाही की पिवळा होतो.

म्हणून मी हलते.
पेज उतू जात असताना
डाव्या हाताने झाकण, उजव्याने माऊस.

डब्लिनमधली एक बाई रोज रडते. लेखी.
तिचा परतावा अडकलाय, नवराही गेलाय बहुतेक.
तिला मी लिहिते, मी समजू शकते.
हे वाक्य साठवून ठेवलेलं आहे,
एक बटण दाबलं की येतं.

मंगळवारी कंपनीने तासभर लवचिकता शिकवली.
पडद्यावर बांबू, वादळात वाकलेला.
आपण सगळे बांबू आहोत, बंगळूरच्या बाई म्हणाल्या.
मी मागे वळून चिवारीच्या बेटाकडे पाहिलं.
वाकलेली होती खरी,
पण तिला कुणी रोज सकाळी विचारत नव्हतं
आज किती वाकणार, एक ते पाच.

मी चार दिले. सगळे चारच देतात.
रत्नागिरीची यास्मिन मुकादमही चारच द्यायची,
ठिपका राखाडी झाला त्या शुक्रवारपर्यंत.
सोमवारी तिच्या तक्रारी आमच्यात वाटल्या,
माझ्या वाट्याला एकतीस.
त्यातल्या एकीत तिचं अर्धं उत्तर होतं:
'नमस्कार, मी तुमच्यासाठी'
पुढे काहीच नाही.
मी वाक्य पुरं केलं, पाठवून दिलं.
हाताला चिकटलेल्या खवल्यासारखं
ते अजून निघत नाही.

अमावास्येच्या रात्री साडेअकराला
बांधावरून भगू तारीने हाक मारली.
उधाण चढत होतं.
'बॅटरी घेवन ये गो, उघाडीत ओंडको अडाकलो हा,
दार मिटणा नाय.'
दार मिटलं नाही तर खारं पाणी
सकाळपर्यंत सगळ्या वायंगणात.

मी गुडघाभर चिखलात, मोबाईलचा उजेड धरून.
हातातला उजेड थरथरला:
तुम्ही अजून तिथे आहात का?
पुन्हा थरथरला.
भगू कमरेपर्यंत पाण्यात, पहार लावून,
ओंडक्याला आईवरून शिव्या देत.
मग धप्प.
भरतीनेच फळी लोटली, भरतीच बाहेर राहिली.

मी त्याला बांबूचं सांगितलं. तो बिडी शोधत होता.
'बांध वाकणा नाय गो,' म्हणाला.
'ऱ्हवता, नायतर फुटता.
म्हणान तर ही उघाडी.'
बिडी भिजली होती. तो घरी गेला.

परतले तेव्हा ठिपका राखाडी,
साहेबांचे तीन निरोप, तिसऱ्यात नुसतं प्रश्नचिन्ह.
रेंज नव्हती, मी लिहिलं.
खोटं. रेंज बांधावर अगदी कडक येते.
ते आता मलाच माहीत आहे.

सकाळी पहिल्यांदाच मी दोन दिले.
लगेच एक चित्रफीत आली: श्वास घ्या, लाटा पाहा.
कुठल्यातरी निळ्या देशाचा समुद्र,
सहा सेकंदांचा, पुन्हापुन्हा तोच.
मागे खाडीला ओहोटी लागली होती,
उघाडीतून रात्रीचं साचलेलं पाणी
कुणी न सांगता बाहेर पडत होतं,
गढूळ, फेसाळ, एक चप्पल घेऊन.

मी यास्मिनला फोन लावला.
तिच्याकडे कुकर वाजत होता.
विचारलं, ते 'मी तुमच्यासाठी'च्या पुढे
तू काय लिहिणार होतीस?
'आठवत नाही गं,' म्हणाली.
मग बराच वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही.
ठिपका पिवळा झाला.
मी पाहत होते. होऊ दिला.